दर सांगून झाल्यावर

"दिवसाचे किती घेता?" वाघचौऱ्यांनी विचारलं
आणि त्यांच्या मागे, घरात, कुकरची पहिली शिट्टी झाली.
मखमलाबाद रोडचं लॉन. सकाळी साखरपुडा,
दुपारी हळद, रात्री बहुतेक डीजे.
"तसं घरगुतीच आहे हो सगळं,
चारपाचशे माणूस."

माझं आडनाव पगार.
आमच्या कळवणकडे निम्म्या गावाचं तेच आहे.
पण या धंद्यात पगार तेवढा कार्डावर छापलेला.
पहिल्या वर्षी मी दर सांगायचो तो असा:
सहा हजार... पाचही चालतील.
समोरच्यानं अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं.
जेलरोडच्या एका डोहाळजेवणाचे साडेचार घेतले.
पेट्रोल, फ्लॅशचे सेल, हाताखालच्या पोऱ्याचे हजार,
भाड्याची लेन्स शरणपूर रोडला परत करून घरी आलो
तर खिशात तीनशे चाळीस रुपये
आणि काकूंनी आग्रहानं दिलेला नारळ.

नारळ घेऊन अत्तारभाईंकडे गेलो.
दूध बाजारात त्यांचा स्टुडिओ,
निळा पडदा, एक स्टूल, कंगवा साखळीला बांधलेला.
पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर त्यांनी हिशेब मांडला:
कॅमेरा एक लाख चाळीसचा,
शटरचं आयुष्य दोन लाख खटके.
"म्हणजे बोट दाबलंस की सत्तर पैसे गेले.
एका कार्यात तीन हजारदा दाबतोस.
एकवीसशे रुपये तर नुसता आवाज आहे, बेटा."

आवाजानंतरच्या चार रात्री त्यांनी पाकिटाच्या मागे लिहिल्या.
त्या रात्री मी डोळे मिटलेल्या मावश्या वेगळ्या काढतो,
नवऱ्यामुलाच्या कपाळावरचा घाम पुसतो,
हळदीचा पिवळा हिरव्या मांडवात बिघडतो
तो पुन्हा हळदीवर आणतो.
एकदा एका आजोबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण
मी लावून दिलं, स्क्रीनवर.
त्याचे पैसे कोणी विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत.

आणि पितृपक्ष?
पंधरा दिवस कॅमेरा डब्यात झोपतो
सिलिकाच्या पुड्या उशाला घेऊन.
घरमालक काही पंचांग बघून भाडं मागत नाही.
वैशाखाच्या दरात भाद्रपद धरावाच लागतो,
हे वाघचौऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

सांगायचंच नाही, अत्तारभाई म्हणाले होते.
आकडा सांग आणि गप्प बस.
आधी "म्हणजे कसंय" नको, नंतर "बघा तुम्ही" नको.
नारळ त्यांनी तिथेच फोडला. अर्धा मला दिला.

"अठ्ठावीस हजार," मी म्हणालो. "निम्मे आगाऊ."

आणि थांबलो.

रामकुंडावर रात्री ट्रायपॉड लावतो तसा.
शटर तीस सेकंद उघडं, श्वास धरलेला.
घाटावरून माणसं जातात येतात,
फोटोत त्यातलं कोणीच येत नाही.
येते पायरी, येतो दिवा,
येते कुणी एक म्हातारी, पाण्याकडे बघत बसलेली.
जो हलला तो पुसला गेला.

दुसरी शिट्टी.
फोनवर हात ठेवल्यावर येतो तसा घुसमटलेला बाईंचा आवाज:
"विक्रांतकडेपण कॅमेरा आहे म्हणावं. घरचाच आहे."
माझ्या जिभेवर पंचवीस आले.
वर चहा-नाश्ता तुमचा, हेही आलं.
दातांत धरून ठेवलं.

"पगार? ऐकताय ना?"
"ऐकतोय."

तिसरी शिट्टी झाली.
तिकडे कोणीतरी उठून गॅस बंद केला.